आठ दिवस आणि तीस वर्षे

अणुभट्टीच्या अपघाताचा विषय वर्गात निघाला की पहिला प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो. मागच्या बाकावरचा कोणीतरी हात वर करून विचारतो, "सर, भट्टीपासून किती किलोमीटरवर धोका नसतो?" प्रश्न स्वाभाविक आहे. बाँब म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे एक वर्तुळ येते. वर्तुळाच्या आत नाश, बाहेर सुरक्षितता. परंतु अणुभट्टीचा अपघात या चित्रात बसत नाही. विजेसाठी चालणाऱ्या भट्टीचा अणुबाँबसारखा स्फोट होऊ शकत नाही. तिच्यातून बाहेर पडतात ते किरणोत्सर्गी वायू आणि बारीक धूळ. ही धूळ कोठे जाते, किती काळ टिकते आणि कोणत्या वाटेने आपल्या पोटात शिरते, यावर पुढचे सारे अवलंबून असते. म्हणून त्या विद्यार्थ्याला मी उलट तीन प्रश्न विचारतो: कोणते मूलद्रव्य? वारा कोणीकडे? आणि किती दिवस झाले?

या तीन प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी आपण तीन अपघातांकडे पाहू. पहिला इंग्लंडमधील विंडस्केलचा, १९५७ सालचा. दुसरा तेव्हाच्या सोव्हिएत संघात, युक्रेनमधील चेर्नोबिल येथे १९८६ साली झालेला. तिसरा जपानमधील फुकुशिमाचा, २०११ सालचा.

भट्टी बंद होते, उष्णता बंद होत नाही

युरेनियम-२३५च्या अणुगर्भात न्यूट्रॉन शिरला की त्याचे दोन तुकडे होतात, ऊर्जा बाहेर पडते आणि नवे न्यूट्रॉन सुटतात. हीच ती साखळी प्रक्रिया. नियंत्रक दांडे आत सरकवले की ते न्यूट्रॉन शोषून घेतात आणि साखळी काही सेकंदांत तुटते. मग धोका संपला का? नाही. अणुगर्भाचे जे तुकडे भट्टीत आधीच साठलेले असतात, ते बहुतेक अस्थिर असतात. त्यांचा ऱ्हास चालूच राहतो आणि त्यातून उष्णता निघतच राहते. चूल विझवली तरी निखारे धगधगत राहतात, तसेच हे. फरक इतकाच की चुलीतले निखारे पाणी ओतून विझवता येतात. हे निखारे कशानेही विझत नाहीत. पाण्याने त्यांची उष्णता फक्त वाहून नेता येते.

थोडा हिशेब करू. फुकुशिमाच्या पहिल्या भट्टीची उष्णता निर्माण करण्याची क्षमता १,३८० मेगावॉट होती. बंद केल्यावर एका दिवसानेही अशा भट्टीत मूळ उष्णतेच्या सुमारे अर्धा टक्का उष्णता निर्माण होत असते. म्हणजे जवळजवळ ७ मेगावॉट. एक किलोवॉटच्या सात हजार इस्त्र्या एकदम चालू ठेवल्यासारखे! २० अंश तापमानाच्या एक किलो पाण्याची पूर्ण वाफ करायला सुमारे २६ लाख ज्यूल लागतात. त्यावरून तुम्हीच काढू शकाल की या भट्टीला दर सेकंदाला २.७ किलो, म्हणजे दिवसाला सुमारे २३० टन पाणी उकळून टाकण्याइतकी उष्णता मिळत होती.

११ मार्च २०११ रोजी जपानजवळ समुद्रात ९ प्रतीचा भूकंप झाला. चालू असलेल्या भट्ट्या आपोआप बंद पडल्या. बाहेरची वीज गेली, तेव्हा डिझेलवर चालणारी जनित्रे सुरू झाली. इथपर्यंत सारे योजनेप्रमाणे घडले. सुमारे पाऊण-एक तासाने त्सुनामीची प्रचंड लाट आली आणि तिने ती जनित्रे व विजेची सामग्री बुडवली. पंप थांबले. पाणी उकळून गेले, आणि पुढच्या काही दिवसांत तीन भट्ट्यांमधील इंधन वितळले. इंधनाच्या नळ्यांवरील झिर्कोनियम धातूची तप्त वाफेशी रासायनिक क्रिया होऊन हायड्रोजन तयार झाला आणि त्याचा स्फोट होऊन इमारतींची छपरे उडाली.

चेर्नोबिलमध्ये कारण वेगळे होते. २६ एप्रिल १९८६च्या मध्यरात्रीनंतर एक चाचणी चालू असताना चौथ्या भट्टीची शक्ती क्षणार्धात बेसुमार वाढली आणि भट्टी फुटली. तिच्याभोवती काँक्रीटचे भक्कम, हवाबंद कवच नव्हते. पुढचे सुमारे दहा दिवस तिच्यातून किरणोत्सर्गी द्रव्य आकाशात जात राहिले.

प्रत्येकाचे घड्याळ वेगळे

भट्टीत शेकडो प्रकारचे किरणोत्सर्गी अणू असतात. त्यांतील प्रत्येकाला स्वतःचे घड्याळ असते. त्याला आपण अर्धायुष्य म्हणतो. जितक्या काळात निम्मे अणू ऱ्हास पावतात, तितके त्याचे अर्धायुष्य. आयोडीन-१३१चे अर्धायुष्य ८ दिवस आहे, सीझियम-१३७चे ३० वर्षे, स्ट्रॉन्शियम-९०चे सुमारे २९ वर्षे, तर प्लुटोनियम-२३९चे सुमारे २४ हजार वर्षे.

करून पाहा: शंभर नाणी एका डब्यात घ्या. (नाणी नसतील तर मधोमध फोडलेले चिंचोके घ्या, त्यांची विभागणी नेमकी निम्मी होणार नाही, पण कल्पना येईल.) डबा हलवून नाणी जमिनीवर ओता आणि छापा पडलेली सारी बाजूला काढा. उरलेली पुन्हा डब्यात भरून ओता. प्रत्येक खेपेला किती उरली ते वहीत मांडा. साधारणपणे ५०, २५, १२, ६ असे आकडे मिळतील. कोणते नाणे कधी बाद होईल हे सांगता येत नाही, पण एका खेपेत सुमारे निम्मी बाद होतील हे सांगता येते. अणूंचेही तसेच. दहा खेपांनंतर मूळ संख्येचा हजारावा भाग उरतो, कारण २ चा दहावा घात १,०२४ आहे. आयोडीन-१३१च्या दहा खेपा ८० दिवसांत होतात. सीझियम-१३७च्या दहा खेपांना ३०० वर्षे लागतात.

येथे एक शंका येईल. मग चोवीस हजार वर्षांचे प्लुटोनियम सर्वांत भयंकर नाही का? ते विषारी खरेच, परंतु जो अणू इतक्या संथपणे ऱ्हास पावतो तो दर सेकंदाला किरणही थोडेच सोडतो. शिवाय प्लुटोनियमची संयुगे सहज वाफ होऊन उडत नाहीत. चेर्नोबिलचे बहुतेक प्लुटोनियम भट्टीच्या जवळपासच पडले. आयोडीन आणि सीझियम मात्र तापलेल्या इंधनातून सहज बाहेर पडतात आणि शेकडो किलोमीटर जातात.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. आपले शरीर अणूची पारख त्याच्या रासायनिक गुणधर्मांवरून करते. तो किरणोत्सर्गी आहे की नाही हे त्याला कळत नाही. आवर्तसारणी उघडून पाहा. सीझियम पोटॅशियमच्या गटात आहे, म्हणून ते पोटॅशियमसारखे सर्व स्नायूंत पसरते. स्ट्रॉन्शियम कॅल्शियमच्या गटात आहे, म्हणून ते हाडांत जाते. आणि आयोडीन तर शरीराला हवेच असते. गळ्यातील थायरॉइड ग्रंथी ते वेचून साठवते.

दुधाची गोष्ट

१० ऑक्टोबर १९५७ रोजी विंडस्केलच्या भट्टीच्या गाभ्याला आग लागल्याचे लक्षात आले. ही भट्टी विजेसाठी नव्हती, तर अण्वस्त्रांसाठी प्लुटोनियम बनवण्याची होती आणि हवेने थंड केली जात असे. ती हवा उंच धुराड्यातून बाहेर पडे. धुराड्याच्या माथ्यावर गाळण्या बसवाव्यात असा आग्रह सर जॉन कॉक्रॉफ्ट यांनी धरला होता. हा खर्च वायफळ आहे असे तेव्हा अनेकांना वाटले, आणि त्या गाळण्यांना 'कॉक्रॉफ्टचा वेडेपणा' असे नावही पडले. आग लागली त्या दिवशी याच वेडेपणाने किरणोत्सर्गी धुळीचा बराच मोठा भाग अडवला.

आयोडीन मात्र बरेचसे निसटले आणि आसपासच्या कुरणांवर पसरले. आता त्याची वाट पाहा. गवतावर आयोडीनचा थर इतका पातळ की माणसाने त्यावरून चालत जावे आणि त्याला काहीही होऊ नये. पण गाय दिवसभर चरते. विस्तीर्ण कुरणावर विखुरलेले आयोडीन ती गोळा करते आणि ते दुधात उतरते. दूध सर्वांत जास्त कोण पिते? लहान मूल. प्रौढ माणसाची थायरॉइड ग्रंथी सुमारे २० ग्रॅमची, तर वर्षाच्या बाळाची दोन ग्रॅमच्या आसपास. तितकेच आयोडीन दहापट लहान ग्रंथीत साठले तर प्रत्येक ग्रॅमला मिळणारी मात्रा दहापट होते.

विंडस्केलच्या शास्त्रज्ञांना ही वाट ठाऊक होती. परंतु दुधात किती आयोडीन चालेल याची मर्यादा आधी ठरलेली नव्हती. ती त्यांनी हिशेब करून घाईघाईने ठरवली आणि दोनच दिवसांत जवळच्या गोठ्यांतील दूध थांबवले. पुढे बंदीचे क्षेत्र सुमारे ५०० चौरस किलोमीटरपर्यंत वाढले. शेतकऱ्यांना भरपाई देऊन लाखो लिटर दूध ओतून टाकण्यात आले. नोव्हेंबर संपण्यापूर्वी सारी बंदी उठली. दीड महिना म्हणजे आयोडीनच्या पाचाहून अधिक खेपा. उरला बत्तिसाव्या भागाहूनही कमी.

चेर्नोबिलला हेच दूध वेळेवर थांबले नाही. भट्टीपासून तीन किलोमीटरवर प्रिप्यात हे सुमारे ४९ हजार वस्तीचे शहर होते. तेथे आयोडीनच्या गोळ्या वाटल्या गेल्या, आणि स्फोटानंतर सुमारे ३६ तासांनी बसगाड्यांतून ते रिकामे करण्यात आले. परंतु बाहेरच्या जगाला पहिली सूचना मिळाली ती २८ एप्रिलला, स्वीडनमधील एका अणुवीज केंद्रात कामगाराच्या बुटांवर किरणोत्सर्गी धूळ सापडली तेव्हा! त्याच दिवशी रात्री सोव्हिएत सरकारने अपघाताची त्रोटक बातमी दिली. दूरच्या खेड्यांत मात्र घरच्या गाईचे ताजे दूध मुले पुढचे कित्येक दिवस पीत राहिली. त्यातून या भागातील अन्नात मुळातच आयोडीन कमी. त्यामुळे मुलांच्या भुकेल्या थायरॉइड ग्रंथींनी ते अधिकच हावरेपणाने शोषले.

परिणाम लगेच दिसला नाही. चार-पाच वर्षांनी मुलांमध्ये थायरॉइडच्या कर्करोगाचे प्रमाण वाढू लागले. २००५ सालापर्यंत बेलारूस, युक्रेन आणि रशियाचा बाधित भाग येथे अपघाताच्या वेळी १८ वर्षांखालील असलेल्यांत असे ६ हजारांहून अधिक रुग्ण आढळले होते. हा कर्करोग बहुधा बरा होतो आणि मृत्यू थोडे झाले. शिवाय काटेकोर तपासणीमुळे जास्त रुग्ण सापडले हेही खरे. तरी त्यांतील मोठा भाग दुधाच्या पेल्यातून आला आणि तो टाळता आला असता.

शेजारच्या पोलंडने काय केले पाहा. तेथे २९ एप्रिलपासून साध्या, किरणोत्सर्गी नसलेल्या आयोडीनचे औषध वाटायला सुरुवात झाली आणि एक कोटीहून अधिक मुलांना ते देण्यात आले. तत्त्व सोपे आहे. ग्रंथीचे कोठार चांगल्या आयोडीनने आधीच भरले की वाईट आयोडीनला जागा उरत नाही. पण हे औषध धूळ येण्याच्या थोडे आधी किंवा नंतर काही तासांतच घेतले तर उपयोगी. आठवड्याने घेऊन फायदा नाही. शिवाय ते सीझियमपासून मुळीच वाचवत नाही. आणि आयोडीनयुक्त मीठ खाऊन हे काम भागेल असे समजू नका. मोठ्या माणसाच्या एका गोळीत सुमारे १०० मिलिग्रॅम आयोडीन असते. तेवढे मिळवायला तीन किलोहून अधिक मीठ एकदम खावे लागेल!

तीस वर्षांचे घड्याळ

तीन महिन्यांत आयोडीन संपते. मग उरते सीझियम. १९८६ साली चेर्नोबिलच्या परिसरात पडलेल्या सीझियमपैकी निम्मे २०१६ साली शिल्लक होते. चौथा हिस्सा २०४६ साली शिल्लक असेल. भट्टीभोवतालचा तीस किलोमीटरचा प्रदेश आजही वस्तीसाठी बंद आहे. १९८६ साली सुमारे १ लाख १६ हजार आणि नंतरच्या वर्षांत आणखी दोन लाखांहून अधिक माणसांना आपली घरे सोडावी लागली.

सीझियमचे वागणे जमिनीनुसार बदलते. चिकणमातीच्या थरांमध्ये ते घट्ट अडकते आणि पिकांच्या मुळांना सहज मिळत नाही. डोंगरावरच्या ओलसर, कुजकट मातीत मात्र ते मोकळे राहते आणि पुनःपुन्हा गवतात येते. म्हणूनच चेर्नोबिलपासून दोन हजारांहून अधिक किलोमीटर दूर, ब्रिटनमधील डोंगराळ कुरणांवर चरणाऱ्या मेंढ्यांवर १९८६ साली घातलेले विक्रीचे निर्बंध पूर्णपणे उठायला २०१२ साल उजाडले!

या घड्याळाचे काटे कोणालाही पुढे ढकलता येत नाहीत. पण सीझियमची वाट अडवता येते. मेंढी स्वच्छ कुरणावर नेली की तिच्या शरीरातील सीझियम काही आठवड्यांत मोठ्या प्रमाणात निघून जाते. शेतात पोटॅशियमचे खत भरपूर घातले की पीक सीझियमऐवजी पोटॅशियम घेते. जपानने भातशेतीत हा उपाय केला. फुकुशिमाच्या परिसरात तर शाळांची मैदाने, अंगणे आणि शेते यांवरील मातीचा वरचा थर खरवडून काढला. अशी सुमारे १ कोटी ४० लाख घनमीटर माती साठली, आणि ती प्रांताबाहेर कायमची कोठे ठेवायची हा प्रश्न २०४५ सालापर्यंत सोडवायचा आहे. म्हणजे 'स्वच्छ केले' याचा अर्थ 'नाहीसे केले' असा होत नाही. एका जागेवरून दुसऱ्या जागी नेले, इतकाच.

वर्तुळ आणि वारा

आता किलोमीटरच्या प्रश्नाकडे वळू. फुकुशिमात ११ मार्चच्या रात्री तीन किलोमीटरच्या आतील लोकांना निघण्यास सांगितले. दुसऱ्या दिवशी ही मर्यादा आधी दहा आणि मग वीस किलोमीटर झाली. परंतु १५ मार्चला वारा वायव्येकडे वळला आणि त्याच वेळी पाऊस व बर्फ पडू लागला. हवेतील धूळ पावसाबरोबर खाली आली. वीस किलोमीटरच्या वर्तुळाबाहेरचे इइताते हे गाव त्या पट्ट्यात सापडले, तर भट्टीच्या अधिक जवळची काही गावे तुलनेने स्वच्छ राहिली. इइतातेच्या लोकांना गाव सोडण्याचा आदेश मिळाला तो एप्रिलमध्ये. कंपासने काढलेले वर्तुळ वाऱ्याला ठाऊक नसते!

हलवण्याचीही किंमत असते

मग सर्वांना लगेच दूर हलवावे हे उत्तम, असे तुम्हाला वाटेल. येथे फुकुशिमाने एक कडू धडा दिला. घाईने रिकाम्या केलेल्या रुग्णालयांतील आणि वृद्धाश्रमांतील पन्नासाहून अधिक रुग्ण प्रवासात किंवा त्यानंतर लगेच दगावले. त्यांच्या औषधांची, सलाइनची, उबेची सोयच नव्हती. पुढच्या काळात त्या प्रांतात विस्थापन, थकवा, उपचारांतील खंड यांसारख्या कारणांनी झालेले २,३०० हून अधिक मृत्यू सरकारने आपत्तीशी निगडित म्हणून नोंदवले. उलट, रहिवाशांच्या आरोग्यावर किरणोत्सर्गाचा थेट असा कोणताही दुष्परिणाम नोंदला गेलेला नाही, असा निष्कर्ष संयुक्त राष्ट्रांच्या वैज्ञानिक समितीने काढला आहे. लोकांना हलवल्यामुळे आणि दूध-भाजीपाला लवकर थांबवल्यामुळे मात्रा कमी राहिली, हेही त्यामागचे कारण आहेच. म्हणजे हलवणे चूक नव्हते. तयारीवाचून हलवणे घातक ठरले. अतिदक्षता विभागातील रुग्णाला पक्क्या भिंतींच्या आत एक-दोन दिवस ठेवून मग नीट हलवणे अधिक शहाणपणाचे ठरू शकते.

योजना आधी, अपघात नंतर

तुमच्या लक्षात आले असेल की हे सर्व निर्णय तासांत घ्यायचे असतात. तेव्हा विचार करायला वेळ नसतो, म्हणून तो आधीच करून ठेवावा लागतो. आपल्या पालघर जिल्ह्यातील तारापूरचे केंद्र १९६९ साली सुरू झाले. ते देशातील पहिले अणुवीज केंद्र. आपल्या देशात अशा केंद्राभोवती १६ किलोमीटरपर्यंतच्या क्षेत्रासाठी आपत्कालीन योजना तयार ठेवावी लागते. केंद्राच्या कुंपणाबाहेरील कारवाईची सूत्रे जिल्हाधिकाऱ्यांकडे असतात, आणि ठरावीक काळाने तालीमही घेतली जाते. अशी तालीम म्हणजे दिखावा नव्हे. कोणत्या रस्त्याने जायचे, अंथरुणाला खिळलेल्यांना कोण नेणार, गोठ्यातील जनावरांचे काय, ध्वनिक्षेपकावरून नेमके काय सांगायचे, हे तालमीतच कळते.

सामान्य माणसाचे नियमही थोडेच आहेत. सूचना मिळताच पक्क्या घरात जा, दारे-खिडक्या लावून घ्या. बाहेरून आला असाल तर कपडे काढून वेगळे ठेवा आणि अंघोळ करा. अंगावरची बहुतेक धूळ त्यानेच जाते. उघड्यावरचे पाणी, पालेभाजी आणि ताजे दूध सांगेपर्यंत घेऊ नका. जनावरांना झाकलेला चारा घाला. गोळी सांगितल्यावरच घ्या. आणि अधिकृत सूचना येईपर्यंत घर सोडून धावू नका. कदाचित तुम्ही वारा जातो आहे त्याच दिशेने धावत असाल.

आता त्या मागच्या बाकावरच्या विद्यार्थ्याला उत्तर देता येईल. किती किलोमीटर, याला एक आकडा नाही. पण दोन आकडे तुम्ही पाठ ठेवलेत तर बरेच काही कळेल. आठ दिवसांच्या घड्याळाशी शर्यत आहे, आणि ती पहिल्या काही तासांत, दुधाच्या पेल्याशी, जिंकता किंवा हरता येते. तीस वर्षांच्या घड्याळाशी शर्यत नसते. त्याच्याबरोबर चिकाटीने राहावे लागते: माती मोजत, अन्न तपासत आणि लोकांना खरे ते सांगत.

सोडवून पाहा

१. एका गावच्या दुधात आयोडीन-१३१ मर्यादेच्या ३२ पट आढळले. या दुधाची भुकटी करून ठेवली, तर ती किती दिवसांनी मर्यादेत येईल?

२. १९८६ साली पडलेल्या सीझियम-१३७चा आठवा हिस्सा कोणत्या साली उरेल?

३. तुमच्या गावात या महिन्यात वारा बहुधा कोणत्या दिशेने वाहतो? आठ दिवस रोज सकाळी व संध्याकाळी नोंद करा. तो एकाच दिशेने वाहतो का?

(उत्तरे: १. ४० दिवसांनी. २. २०७६ साली. ३. याचे उत्तर तुमच्या वहीत.)